आईच्या मनगटातली वीज: चेतातंतू संदेश पुढे कसा नेतात?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या हाताचा आहे, पण त्यातून जे कुतूहल वाटायला लागलंय ते गप्प बसू देत नाही, म्हणून धागा काढतेय.

गेले चार महिने आईचा उजवा हात रात्री बधिर होतो. दोन-अडीचला जाग येते, हात झटकते, थोडा वेळ पलंगाखाली लोंबता ठेवते, मग कुठे डोळा लागतो. आई ५८ वर्षांची आहे, तीस वर्षं शिवणकाम करतेय. सुईत दोरा ओवताना अंगठा आणि शेजारची दोन बोटं आपली वाटतच नाहीत म्हणते. करंगळी मात्र अगदी चांगली.

परवा तिची एनसीव्ही तपासणी झाली, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी. मी शेजारीच बसले होते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर एक चकती चिकटवली, मनगटावर दोन टोकांचं यंत्र टेकवलं. टक् झालं आणि आईचा अंगठा उडाला. आईने उडवला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तेच यंत्र कोपराच्या आतल्या बाजूला लावलं, अंगठा पुन्हा उडाला. पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ उमटत होती.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: मनगटापासून ५.६ मिलिसेकंद, कोपरापासून ९.९ मिलिसेकंद, मधलं अंतर २२० मिलिमीटर, वेग ५१ मीटर प्रतिसेकंद. खाली निष्कर्ष, मीडियन नर्व्हवर मनगटापाशी दाब. डॉक्टरांनी रात्री मनगटाला पट्टी बांधायला सांगितलीय. बाहेर खूप गर्दी होती, त्यामुळे विचारायचं ते राहूनच गेलं.

माझे प्रश्न:

वेग नॉर्मल लिहिलाय, मग नस दबलीय हे कशावरून कळलं?

५१ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी १८४ किलोमीटर. घरातलं बटण दाबलं की दिवा तत्क्षणी लागतो. मग शरीरातली वीज एवढी हळू का?

आणि ही वीज तयार कुठे होते?

पारिजात_अंगण

माझ्या सासूबाईंना अगदी हेच होतं. त्यांना थायरॉइड निघाला. आईची साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? बाकीचं जाणकार सांगतीलच. धागा वाचतेय.

रात्रपाळी

सोनचाफा, मी चौदा वर्षं हीच तपासणी करतोय, म्हणजे आईच्या मनगटावर टक् करणाऱ्यांपैकी एक. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

कोपरापासून अंगठ्यापर्यंत ९.९ मिलिसेकंद लागले, मनगटापासून ५.६. वजाबाकी ४.३. अंतर २२० मिलिमीटर भागिले ४.३, म्हणजे ५१. हा वेग फक्त कोपर ते मनगट या पट्ट्याचा आहे. मनगटापुढचा रस्ता दोन्ही आकड्यांत सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. आणि आईचं दुखणं नेमकं त्याच उडून गेलेल्या तुकड्यात आहे.

साताऱ्याहून निघालेली एसटी कात्रजला वेळेवर पोचली आणि कात्रज ते स्वारगेट अडकली, असं समजा. सातारा-कात्रज वेग काढला तर गाडी उत्तम चालली असंच दिसेल. म्हणून आम्ही शेवटचा टप्पा वेगळा बघतो. मनगट ते अंगठा साधारण ४.२ ते ४.४ मिलिसेकंदांच्या आत व्हायला हवं. आईला ५.६ लागतायत.

तुम्ही म्हणाल, एकाच आकड्यावरून वेग का काढत नाही? कारण त्या ५.६ मध्ये सगळा वेळ तंतूतला नसतो. तंतू स्नायूपाशी संपतो, तिथे एक फट असते, ती ओलांडण्यात वेळ जातो. दोन ठिकाणांहून टक् केलं की तो वेळ आपोआप वजा होतो.

ही युक्ती आमच्या यंत्रवाल्यांची नव्हे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये कोनिग्सबर्गला बेडकाच्या पायावर हेच केलं. स्नायूपासून जवळ एकदा, लांब एकदा अशी चेतना दिली आणि दोन वेळांतला फरक मोजला. त्याचे गुरू योहानेस म्युलर म्हणायचे की हा वेग माणसाला मोजता येईल असं वाटत नाही. उत्तर आलं सेकंदाला तीसेक मीटर. रोज सकाळी पहिला पेशंट घेताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

करंगळी सुटली हे तुम्ही लिहिलंत, ते फार मोलाचं निरीक्षण आहे. मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. मनगटाच्या बोगद्यातून तिच्यासोबत बोटांचे नऊ कंडरे जातात. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही.

उपकेंद्र

मी वीज वितरणात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. दुसरा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे.

सोनचाफा, चेतातंतू ही तार असती तर ती जगातली सर्वांत वाईट तार ठरली असती. आत तांब्याऐवजी खारं पाणी. मी हिशेब करून पाहिला. एक मायक्रॉन जाड आणि एक मीटर लांब अशी खाऱ्या पाण्याची नळी घेतली तर तिचा रोध सुमारे एक लाख कोटी ओहम येतो. वर तिचं आवरण इतकं पातळ की प्रवाह वाटेत गळत जातो. एका टोकाला दाब दिला तर एक-दोन मिलिमीटर पुढे त्याचा मागमूस राहणार नाही. पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत संदेश जायचा तर मीटरभर लांबी हवी.

१८५८ ची अटलांटिकखालची तारायंत्राची केबलही अशीच रखडत चालायची, आणि तीन आठवड्यांत बंद पडली. केल्विन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या केबलसाठी जी समीकरणं मांडली होती, तीच पुढे शरीरशास्त्रज्ञांनी चेतातंतूला लावली. माझ्या धंद्यातलं गणित आपल्या हातापायांत लागू पडतं हे मला निवृत्तीनंतर कळलं, आणि त्या दिवसापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतोय.

तर प्रश्न "एवढी हळू का" असा नाहीच. इतक्या वाईट तारेतून संदेश शेवटपर्यंत न झिजता पोचतो कसा, हा खरा प्रश्न आहे.

शरीरक्रिया

उपकेंद्र यांनी प्रश्न अचूक फिरवला. मी महाविद्यालयात हा विषय शिकवते. सोनचाफाच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं.

वीज एका ठिकाणी तयार होऊन पुढे पाठवली जात नाही. शरीरात कुठे जनित्र बसवलेलं नाही. आईच्या हातातल्या त्या तंतूच्या कणाकणावर वीज आधीपासून भरून ठेवलेली आहे.

पेशीचं पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचं, तेलकट. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यातून जाऊ शकत नाहीत. बाहेर सोडियम भरपूर, लिटरमागे १४५ मिलिमोलच्या आसपास, आत त्याचा दहावा हिस्सा. पोटॅशियमचं उलटं, आत १४०, बाहेर ४-५. हा फरक राखतो पटलातला पंप. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

घाटघरचा उदंचन प्रकल्प पाहिलाय कुणी? विजेची मागणी कमी असते तेव्हा पंपाने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि हवी तेव्हा ते खाली सोडून वीज काढायची. सोडियमचा पंप हे चढवण्याचं काम करतो, दिवसरात्र. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण खर्च सुमारे २० टक्के ऊर्जेचा. त्यातला मोठा वाटा या चढवण्यात जातो.

आता पटलात पोटॅशियमसाठी काही वाटा कायम उघड्या असतात. पोटॅशियम थोडंथोडं बाहेर झिरपतं, जाताना आपला धनभार घेऊन जातं, म्हणून आतली बाजू ऋण होते. बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटेल. पण हा दाब ५ नॅनोमीटरवर आहे. उपकेंद्र, भागून बघा.

आणि सोडियमच्या वाटांना दारं आहेत. ही दारं विजेच्या दाबावर उघडतात. आतली पातळी उणे ५५ च्या आसपास आली की ती धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं, पातळी शून्य ओलांडून अधिक ३०-४० पर्यंत जाते. मिलिसेकंदाच्या आत सोडियमच्या दारांत आतून बोळा बसतो. पाठोपाठ पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पातळी परत खाली. एक-दोन मिलिसेकंदांत खेळ संपला.

आत घुसलेला धनभार शेजारच्या तुकड्याकडे सरकतो. शेजारी उणे ५५ ला पोचला की त्याचीही दारं उघडतात. मग त्याच्या शेजारची. फटाक्यांच्या माळेची वात आठवा. वातीच्या टोकाला लावलेली काडी शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही. वात प्रत्येक ठिकाणी आपली स्वतःची दारू जाळते, म्हणून शेवटच्या फटाक्याला मिळणारी ठिणगी पहिल्याइतकीच सणसणीत असते. चेतातंतू असाच पेटत जातो, फक्त जळलेली वात तो मिलिसेकंदभरात पुन्हा भरून घेतो. मागच्या तुकड्यात बोळे बसलेले असतात, म्हणून संदेश उलट फिरत नाही.

एका संदेशात किती आयन खर्च होतात? माकुलाच्या (स्क्विडच्या) जाड तंतूत, ज्यावर हे सगळं सिद्ध झालं, आतल्या पोटॅशियमपैकी सुमारे दहा लाखांत एक. पंप विषाने बंद पाडला तरी असा तंतू हजारो संदेश नेऊ शकतो. साठा एवढा मोठा आहे.

उपकेंद्र

भागून बघितलं. एक कोटी चाळीस लाख व्होल्ट प्रतिमीटर! हवेत तीस लाखांना ठिणगी पडते. म्हणजे ज्या दाबाला माझ्या उपकेंद्रातली हवा फाटेल त्याच्या चौपटीहून जास्त दाब आईच्या हातातलं प्रत्येक पटल जन्मभर झेलतंय. मी आज हे नातवाला सांगणार.

दशांशचिन्ह

सुंदर चर्चा. एक शंका. प्रत्येक ठिकाणी ठिणगी सारखीच असते म्हणता. पण माझ्या वडिलांच्या एनसीव्हीच्या वेळी यंत्राचा करंट वाढवला तसा पडद्यावरचा डोंगर मोठा होत गेला. हे कसं?

रात्रपाळी

उत्तम शंका. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात हेच विचारतात.

नस म्हणजे एक तंतू नव्हे, हजारो तंतूंची जुडी. करंट कमी असतो तेव्हा त्यातले थोडे पेटतात, वाढवला की जास्त पेटतात. डोंगर म्हणजे सगळ्यांची बेरीज. एका पातळीनंतर कितीही वाढवा, डोंगर वाढत नाही, कारण पेटायचं कुणी उरलेलंच नसतं. तिथून थोडं पुढे जाऊनच आम्ही नोंद घेतो. एकटा तंतू मात्र एक तर पूर्ण पेटतो, नाहीतर पेटतच नाही.

शरीरक्रिया

आणि जोर कळतो तो संख्येवरून. बोट हलकं दाबलं तर सेकंदाला थोडे संदेश, जोरात दाबलं तर खूप. ठिणगी तेवढीच, टकटक वाढते. एडगर एड्रियन यांनी एकेका तंतूवर हे ऐकलं, १९३२ चं नोबेल त्यांना आणि शेरिंग्टन यांना मिळून होतं.

तांबडी_माती

माकुल! आमच्या रायगडात रापणीला, ट्रॉलरला माकुल येतं ते खायचं एवढंच ठाऊक होतं. त्याच्यात जाड नस असते? माकुल तर हाताएवढं.

शरीरक्रिया

माकुल लहानच, पण त्याच्या अंगात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एकेक तंतू असतो. भरल्या जाळ्यातून सुटायला माकुल पाण्याची पिचकारी मारून मागच्या मागे उसळतं, हे तुम्ही पाहिलं असेल. सगळं अंग एकदम आवळायचं तर संदेश झटकन पोचायला हवा, त्यासाठी तो जाड तंतू. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये शास्त्रज्ञांचं लक्ष त्याकडे वेधलं. तोवर लोकांना ती रक्तवाहिनीच वाटायची.

१९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी त्या तंतूच्या आत, लांबीच्या दिशेने, बारीक काचेची नळी सरकवली. तंतूच्या आतून पहिल्यांदाच संदेश दिसला. बर्नस्टाइन यांच्या १९०२ च्या सिद्धांतानुसार पातळी शून्याला येऊन थांबायला हवी होती. ती शून्य ओलांडून वर गेली. का, हे शोधायच्या आत महायुद्ध सुरू झालं आणि दोघेही युद्धकार्यात गेले. युद्धानंतर हॉजकिन आणि कात्झ यांनी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी करून पाहिलं, तसं ते वरचं टोक खाली आलं. गुन्हेगार सापडला. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सले यांनी सगळं गणितात मांडलं. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता, म्हणून हक्सले यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड करून संदेशाचा आकार आणि वेग काढला. समीकरणातून निघालेला वेग आणि माकुलात मोजलेला वेग जवळजवळ जुळले.

ज्या "दारां"बद्दल मी वर लिहिलं ती तेव्हा कुणीच पाहिली नव्हती. एकेका दारातून जाणारा प्रवाह नेहेर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये पकडला, आणि पोटॅशियमच्या वाटेची रचना मॅकिनन यांनी १९९८ मध्ये दाखवली. सेहेचाळीस वर्षं आधी दोन माणसं आकडेमोडीवरून सांगून गेली की अशी काहीतरी सोय तिथे असलीच पाहिजे. वर्गात इथपर्यंत आले की मी दरवेळी थोडी थांबते.

तांबडी_माती

वाचून अंगावर काटा आला. आता माझा अनुभव सांगतो, कारण "दारात बोळा" वाचल्यापासून तोच डोक्यात आहे.

मी लहान असताना माझ्यासमोरच काकांना लाल विंचू चावला. पेंढ्याच्या उडवीत हात घातला होता. बोटाची आग तर होतीच, पण अर्ध्या तासात सगळं अंग घामाने निथळलं, हातपाय बर्फासारखे गार, छाती धडधडतेय, मग उलट्या. ते वाचले. आमच्या गावात त्याआधी वाचले नव्हते असेही होते. इतकुशा नांगीत असं काय असतं?

शरीरक्रिया

तोच बोळा. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं सोडियमच्या दारात बोळा नीट बसू देत नाहीत. दार उघडलं की उघडंच. दुसरी काही प्रथिनं पोटॅशियमच्या वाटा अडवतात. म्हणजे पेटायला मोकळीक आणि विझायची सोय नाही. स्वयंचलित चेतासंस्थेचे तंतू पेटतच राहतात, एड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. घाम, गार हातपाय, चढलेला रक्तदाब हे त्या पुरामुळे, आणि शेवटी हृदय थकून फुफ्फुसात पाणी.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात असे रुग्ण वर्षानुवर्षं स्वतः उशाशी बसून पाहिले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध इथे प्राण वाचवतं हे दाखवून दिलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. विषाने नेमकं कुठे काय होतंय हे ओळखून उतारा शोधला म्हणून तो लागू पडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते या विषयात महाराष्ट्राने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

मण्यारीचं विष याहून वेगळ्या जागी घाव घालतं. तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये जी फट रात्रपाळींनी सांगितली, तिथे. तंतूचं टोक पेटलं की कॅल्शियम आत येतं आणि ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या पिशव्या फुटून ते फटीत सांडतं. पलीकडच्या स्नायूने ते ओळखलं की स्नायू आवळतो. मण्यार तंतूची टोकंच निकामी करते. म्हणून सूज नाही, फारसं दुखणं नाही, आणि पहाटे पापण्या उचलत नाहीत, मग श्वास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला तर चावल्याची खूण शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

चिंच_गूळ

एक भाषेची शंका. चेतातंतू, मज्जातंतू, नस, शीर, यातलं बरोबर कुठलं? घरी "नस दबली" म्हणतो आणि रक्त काढतानाही "नस सापडत नाही" म्हणतो.

शरीरक्रिया

बोलण्यात नस दोन्हीकडे चालते आणि त्यामुळे खूप घोटाळा होतो. पाठ्यपुस्तकात चेतापेशी आणि चेतातंतू आहेत, जुन्या पुस्तकांत मज्जातंतू. मला चेता आवडतं, त्यात चेतणं आहे. रक्ताची ती शीर.

चिंच_गूळ

धन्यवाद. अजून एक, मीठ कमी खाल्लं तर सोडियम कमी होऊन चेतातंतू मंदावतात का? आईचं मीठ बंद केलंय.

शरीरक्रिया

आहारातलं मीठ कमी केल्याने सहसा नाही. मूत्रपिंडं रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मध्ये धरून ठेवतात. वयस्कर माणसांचं सोडियम उतरतं ते बहुतेकदा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे किंवा आजारामुळे, आणि तेव्हा होणारा गोंधळ, ग्लानी ही मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगल्याने होते. डॉक्टरांनी बंद केलं असेल तर तसंच ठेवा, मनाने बदल करू नका.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "वात पेटत जाते ते कळलं. पण मनगटात दबलं तर वात हळू का होते? तुटली तर नाही ना?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

शरीरक्रिया

आईंना सांगा, फार नेमकं विचारलंत.

उघडा तंतू पेटत जातो तो सेकंदाला एखाद मीटर वेगाने. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचकाळला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि सेकंदभराने दुसरी, ठसठसणारी. ती दुसरी कळ या उघड्या तंतूंतून येते, म्हणून उशिरा. माकुलाने वेग मिळवला तो तंतू जाड करून. आपल्याकडे दुसरा उपाय आहे. तंतूभोवती श्वान (Schwann) नावाच्या पेशी मायलिनचे, म्हणजे एका चरबट आवरणाचे, वेढे घालतात, एकावर एक, डझनावारी. एकेक पेशी साधारण एक मिलिमीटर झाकते, आणि दोन पेशींमध्ये मायक्रॉनभर फट राहते. सोडियमची दारं दाटीवाटीने त्या फटींतच असतात. झाकलेल्या भागात भार गळत नाही, तो आतल्या आत झपकन पुढच्या फटीला पोचतो आणि तिथे पुन्हा पेटतो. तंतूची जाडी माकुलाच्या पन्नासावा हिस्सा, आणि वेग त्याच्या दुप्पट.

दाब पडला की आधी इजा होते ती या वेढ्यांना. भार गळायला लागतो, पुढच्या फटीला उणे ५५ पर्यंत न्यायला वेळ लागतो. ५.६ मिलिसेकंद तिथून आले. आतला तंतू शाबूत असेल तर दाब गेल्यावर वेढे पुन्हा चढतात.

खडकवासला_काठ

हे आमच्या घराने पाहिलंय. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे (जीबीएस) या आजाराची साथ आली तेव्हा माझा भाचा त्यात होता. आधी पायांत मुंग्या, दोन दिवसांत उठता येईना, मग हात. डॉक्टरांनी समजावलं की पोटातल्या जंतूशी लढायला शरीराने जी प्रतिपिंडं बनवली तीच चेतातंतूंवर उलटली. त्याच्या रिपोर्टमध्ये वेग फारच खाली होते. इम्युनोग्लोब्युलिन दिलं. चार महिन्यांनी तो जिना चढला. मायलिन परत चढतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आईंना जरूर सांगा.

रात्रपाळी

त्या महिन्यात आम्ही बारा-बारा तास मशिनवर होतो. भाच्याचं वाचून फार बरं वाटलं.

सोनचाफा, दोन गोष्टी. पारिजात_अंगण यांनी म्हटलंय तसं बी-१२ बघाच, त्याच्या कमतरतेने मायलिनच बिघडतं. शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे बऱ्याचदा सापडतं. आणि एनसीव्हीत फक्त जाड, मायलिनवाले तंतू दिसतात. बारीक तंतूंचं दुखणं असेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. कुणाच्या पायांची आग होतेय आणि रिपोर्ट नॉर्मल आलाय, तर त्या माणसाला खोटं ठरवू नका.

सोनचाफा

आईला फटींचं आणि वेढ्यांचं सांगितलं. ती कापडाचा एक तुकडा घेऊन बसली होती. सुई खाली, वर, खाली, वर घालून तिने मला दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे धावदोरा. वर दिसतो तेवढाच टाका, बाकी आतून पळतो. उगाच नाही त्याला धावदोरा म्हणत."

शरीरक्रिया

हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. आईंचं म्हणून सांगेन.

सोनचाफा

दीड महिन्यानंतरची खबर. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. पट्टी रोज रात्री बांधतेय. आता आठवड्यात एखाद्या रात्रीच जाग येते. मशिनवर सलग बसणं कमी केलंय, दर अर्ध्या तासाने उठते. सुईत दोरा अजून माझ्याकडूनच ओवून घेते.

रात्रपाळी, आता डाव्या हाताच्या बोटांनाही कधीकधी मुंग्या येतात म्हणते. लगेच पुन्हा तपासणी करावी का? आणि उजव्याचा आकडा सुधारला असेल का?

रात्रपाळी

उजव्याची घाई नको. त्रास आधी कमी होतो, आकडे मागाहून हलतात, कधी फारसे हलतही नाहीत. डाव्याची करून घ्या, डॉक्टरांना सांगून. हे दुखणं पुष्कळदा दोन्ही हातांत असतं, एकात आधी कळतं एवढंच. येताना स्वेटर घालून या आणि हात गरम पाण्यात धरून मग टेबलावर बसवा. दारं थंडीत सावकाश उघडतात, कातडी एक अंशाने गार असली तरी वेग सेकंदाला दोनेक मीटरने कमी दिसतो. आम्ही ३२ अंशांच्या खाली असेल तर थांबतो.